परक्या गवतावर घरची मॅच

युसूफ, रविवारची मॅच आपण खेळलो.

शुक्रवारी तुला मिट्टी देऊन आम्ही कब्रस्तानाच्या गेटपाशी आलो, तर सगळी टीम तिथंच उभी. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या टोपी, हात मातीचे. घरी जायला कुणी तयार नव्हतं. शेवटी विष्णू पुढं आला. कप्तान म्हणून बोलणं त्यालाच भाग होतं. "काका, जालन्याहून फोन आल्ता. मॅच पुढं ढकलू म्हणून राह्यलेत. काय सांगू?"

उत्तर द्यायच्या आधी मी डावीकडं वळून बघितलं. असल्या प्रश्नाला आधी तू काहीतरी उलटं बोलायचास आणि मग मी माझं बोलायचो, ही आपली इतक्या वर्षांची रीत. डावीकडं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "खेळू." म्हणालो आणि लगेच वाटलं, तू असतास तर म्हणाला असतास, "कायको खेळते रे दत्ता? पोरांना रडू दे की जरा."

तुझ्या अंगणात लोक येतात, बसतात, तू एस.टी. किती जपून चालवायचास ते सांगतात. म्हाताऱ्या बाईला चढायला उशीर झाला तर तू आरशात बघत थांबायचास, हेही सांगतात. सगळं खरं आहे. मी मान हलवतो. पण मला आठवतोस तो चिडलेला तू. टचलाइनच्या बाहेर एक पाय, आत एक पाय, मानेच्या शिरा ताठलेल्या आणि तोंडातून अर्धं मराठी, अर्धं दखनी. रेफ्रीनं कितीदा सांगितलं असेल की चाचा, मागं व्हा. तू मागं व्हायचास, आणि तो वळला की पुन्हा एक पाय आत.

आपण दोघं अंबडच्या त्या नाल्याकाठच्या मैदानावर वाढलो. मी गोलकीपर, तू स्टॉपर, माझ्या पुढ्यात. मला मैदानाआधी तुझी पाठ दिसायची. एक गोल टेकडीकडचा, एक नाल्याकडचा, आणि जमीन नाल्याकडं उतरलेली. गवताची काडी नाही, नुसता मुरूम. बाहेरच्या टीमा आल्या की त्यांची त्रेधा उडायची. बॉल सरळ येता येता एखाद्या दगडावर आपटून भलतीकडंच जायचा, आणि आपली पोरं आधीच तिथं उभी. कोणता दगड बॉल कुठं पाठवतो, हे आपल्याला शाळेत असल्यापासून ठाऊक. आपण म्हातारे झालो, खेळायचं सोडून पोरांना शिकवू लागलो, मी दुकानात बसलो, तू निवृत्त झालास, तरी मैदान तेच होतं आणि दगडही तेच.

मग तिथं सरकारी इमारतीचं काम निघालं. एका सकाळी आपण प्रॅक्टिसला गेलो तर चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले. पोरं पत्र्याच्या फटीतून आत बघत होती. तू बघितलं नाहीस. स्कूटरवर बसूनच म्हणालास, "गाडी डेपोत लागली, दत्ता. आता उतरा सगळे."

पण लीग तर चालू होणार होती. घरच्या मॅचेससाठी मैदान दाखवा, नाहीतर नाव काढतो, असं सांगण्यात आलं. जालन्याच्या स्टेडियममध्ये रविवारची वेळ मिळत होती. मी हो म्हणून टाकलं. तू दुकानात येऊन माझ्यासमोर बसलास आणि विचारलंस, "घरची मॅच, आन् जायचं बसनं? ही कोणती घरची मॅच?" मी म्हणालो, "नाव काढून घेऊ का मग?" तू चहा अर्धा टाकून निघून गेलास. रविवारी सकाळी मात्र बसस्टँडवर सगळ्यांच्या आधी उभा होतास, बॉलची जाळी खांद्यावर टाकून.

ती पहिली मॅच टेंभुर्णीशी होती. टेंभुर्णीची पोरं आपल्यापेक्षा चांगली होती असं मी आजही म्हणणार नाही. पण आपल्या पोरांनी गवत बघितलं ते लग्नाच्या लॉनवर. बॉल उडेना, जिथं पडला तिथं मऊ बसायचा. आपले सगळे जण उसळी घेऊन येणाऱ्या बॉलची वाट बघत दोन पावलं मागं, आणि टेंभुर्णीवाले पुढं येऊन बॉल घेऊन जाणार. सकाळी पाणी मारलं होतं, त्यामुळं कॅनव्हासच्या बुटांत पोरं घसरत होती. त्यात ती मोठी गॅलरी, वर पत्रे, आणि माणूस नाही. आपला बेंच गॅलरीच्या समोरच्या बाजूला. तू ओरडलास, "विष्णू, पीछे!" आवाज मैदान ओलांडून गॅलरीवर आदळला आणि परत आला. विष्णू एकदा मागं गेला आणि आवाज परत आल्यावर आणखी मागं गेला. त्या मोकळ्या जागेतून गोल झाला.

त्यानंतर तू तोंड उघडलं नाहीस. अख्खा दुसरा हाफ तू हात मागं बांधून उभा होतास. एवढ्या वर्षांत तुला इतकं गप्प मी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगतो, हरण्यापेक्षा मला त्याचीच धास्ती वाटली.

पुढची घरची मॅच जालन्याच्याच टीमशी. म्हणजे त्यांचं रोजचं मैदान, आणि कागदोपत्री यजमान आपण. त्यांच्या पोरांनी अदबीनं चांगली खोली आपल्याला दिली, आपल्या बाजूचा बेंच पुसून ठेवला. हाफ टाइमला आपला सोहेल, यजमान टीमचा गोलकीपर, पाहुण्यांकडं जाऊन विचारतो, "भाई, पानी का नल किधर है?" सगळे हसले. तूही हसलास. पण बसमध्ये खिडकीकडं तोंड करून म्हणालास, "दत्ता, आपण पाव्हणे होऊन राह्यलो आपल्याच घरात."

मला वाटलं, आता तू सोडतोस. शबानाभाभींना मी बोललोही तसं. त्या म्हणाल्या, "छोडनेवाले नहीं. रात को नींद में बी हात हिला रहे."

आणि खरंच, दोन-तीन दिवसांनी तू सगळ्यांना जालन्याला घेऊन गेलास. मॅच नव्हती, काही नव्हतं. मला वाटलं प्रॅक्टिस असेल. तू चौकीदाराशी काय बोललास कोण जाणे, त्यानं गेट उघडून दिलं आणि आपल्याबरोबर आत येऊन बसला. तू बॉलची जाळी बांधलेलीच ठेवलीस. पोरांना बूट काढायला लावलेस. "चला, हिंडा. सगळं मैदान हिंडा. जिथं पोचल्यावर दमता तिथं दमा." पोरं अनवाणी फिरली. मग गॅलरीत चढवलंस, अगदी वरच्या पायरीपर्यंत. भाकऱ्या तिथंच सोडल्या. सोहेलच्या आईनं दिलेली खिमा-रोटी आणि विष्णूच्या घरचा ठेचा सगळ्यांनी गोल बसून खाल्ला. जेवल्यावर सांडलेलं सगळं तू त्यांच्याकडूनच झाडून घेतलंस.

मग प्रत्येकाला त्याच्या जागेवर उभं केलंस आणि विचारलंस, "इथून काय दिसतं?" पोरं गोंधळली. "अरे, तिथं टेकडी दिसायची ना? टेकडी बघून कळायचं ना कुठं हाय आपण? इथं टेकडी न्हाई. मंग दुसरं कायतरी धरा." सोहेलनं गॅलरीचा एक निसटलेला पत्रा धरला. विष्णू मधोमध उभा राहून एका बाजूला हात करून ओरडला, "चाचा, माझी कंपनी दिसू लागली! धूर दिसून राह्यला!" तो लोखंडाच्या कारखान्यात आठवडाभर पाळी करतो, त्याला त्या धुरांड्याचा कंटाळा. तू म्हणालास, "बराबर. पहिल्या हाफात धूर पाठीला आला की समज, गोल समोर हाय. कंपनीपासून लांब पळ." त्या दिवशी पोरं पहिल्यांदा त्या मैदानावर मोठ्यानं हसली. आवाज घुमला, आणि कुणी दचकलं नाही.

आवाजाचाही बंदोबस्त तू केलास. बेंच गॅलरीच्या बाजूला हलवून घेतलास. आता तुझी पाठ गॅलरीकडं आणि आवाज समोरच्या मोकळ्या अंगाला. तिकडून काही परत येत नव्हतं.

तीर्थपुरीशी मॅच होती तेव्हा भाभी आल्या. तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यांची बहीण जालन्यात असते, तिच्याकडं आल्या होत्या आणि दोघी परस्पर स्टेडियमवर आल्या. आपल्या जुन्या मैदानावर बायांनी बसावं अशी जागाच नव्हती. नाल्याच्या कडेला उभं राहायचं, नाहीतर सायकलींच्या मागं. एवढ्या वर्षांत भाभींनी तुझी एक मॅच बघितली नव्हती, ना खेळतानाची, ना शिकवतानाची. इथं त्या गॅलरीत बसल्या, तुझ्या बरोबर मागं, सावलीत. आणि तू पुढं टचलाइनवर एक पाय आत, एक बाहेर, चालू. "सोहेल, निकल बाहर! विष्णू, धूर बघ, धूर! अरे वो पीलेवाले को पकडो, दावतीला आलाय का तो?"

आपण जिंकलो त्या दिवशी. त्या मैदानावरची पहिली जीत. पोरांनी तुला उचललं आणि उचलल्यावर तुला वर गॅलरीत भाभी दिसल्या. तुझा चेहरा मी बघितला, युसूफ. पोरांच्या खांद्यावरून तू हातानं टोपी नीट केलीस.

खाली आल्यावर भाभी म्हणाल्या, "घर में इत्ता नहीं बोलते आप. साल भर का यहीं बोल डाले."  बसमध्ये माझ्याशेजारी बसून बराच वेळ नुसता हसत होतास. मी त्या वेळी म्हणालो, "आता तरी मान. जुन्या मैदानावर हे झालं नसतं." तू म्हणालास, "ते खरं हाय." तुझ्या तोंडून 'ते खरं हाय' हे मी इतक्या कमी वेळा ऐकलंय की मला ती जागा, ती सीट, समोरच्या बाकावरची मोसंबीची पिशवी, सगळं आठवतं.

पण तू पुरता मानला नाहीसच. नाल्यापलीकडची पडीक जागा खेळायला मिळू शकते असं गावात कुणीतरी बोललं, आणि तू पेटलास. बुधवारी संध्याकाळी दुकानासमोर स्कूटर उभी केलीस. मी गिऱ्हाइकाला फवारणीचं औषध देत होतो. तू बाहेरूनच सुरू झालास.

"दत्ता, ती जागा घ्यायची. दगड काढू, गोल लावू. पुढच्या साली घरच्या मॅचेस अंबडला."

"तिथं गवत यायला जन्म जाईल."

"मला गवत नको."

"तुला नको. पोरांना हवंय. विष्णूचे गुडघे बघितले का? या साली एकदाही फुटले न्हाईत. आणि भाभी तिथं कुठं बसणार?"

यावर तू थांबलास. मला वाटलं, जिंकलो. मग तू हळू आवाजात म्हणालास, "जालना चांगलं हाय. मी कवा न्हाई म्हणलं? पोरांना चांगलं, शबानाला चांगलं, मला बी चांगलं. पण आपलं न्हाई."

"आपलं म्हणजे काय रे? दगड म्हणजे आपलं? सांग ना मला. आपलं म्हणजे काय?"

तू स्कूटरला किक मारलीस. "सांगतो. रविवारी बसमध्ये सांगतो. लंबी बात है."

शुक्रवारी पहाटेची नमाज पढून तू घरी आलास, खाटेवर बसलास, पाणी मागितलंस. अमरीन सुट्टीला घरी आलेली, ती पाणी घेऊन आली तोवर तू आडवा झाला होतास. तिनंच मला फोन केला. पोरगी रडत नव्हती, नुसतं "काका, अब्बा उठेनात" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी चप्पल न घालता आलो, ते तुझ्या दारात आल्यावर कळलं.

रविवारी बसमध्ये मी तुझ्या उत्तराची वाट बघितली. वेडेपणा आहे, माहीत आहे. ड्रायव्हर तुझाच जुना जोडीदार होता. स्टॉप नसताना त्यानं स्टेडियमच्या गेटसमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं. आम्ही सगळे उतरेपर्यंत एकाही प्रवाशानं घाई केली नाही. उतरताना एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "ड्रायव्हरसाहेबांची टीम का ही? खेळा, बाबांनो."

मॅच पुन्हा जालन्याच्याच टीमशी. त्यांच्या पोरांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या, आमच्या ध्यानातही आलं नव्हतं ते. त्यांच्या कप्तानानं पिशवीतून आणखी फिती काढल्या आणि आपल्या एकेकाच्या दंडाला स्वतः बांधल्या. मग सगळे मधोमध उभे राहिले. त्या शांततेत मला बाहेर रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती.

गॅलरी त्या दिवशी रिकामी नव्हती, युसूफ. अंबडहून लोक आले होते. टेम्पो करून, मोटारसायकलींवर. मशिदीतले लोक, बसस्टँडवरचा पेपरवाला, माझ्या दुकानाशेजारचे मारवाडी शेठ, जे फुटबॉल हातानं का पायानं खेळतात हे विचारतील. तू गेल्यावर दोन दिवस त्यांना तुझ्यासाठी काय करावं ते सुचत नव्हतं बहुतेक. म्हणून ते आले.

पहिल्या हाफात त्यांनी गोल केला. आपली पोरं खेळत होती, पण एकमेकांशी बोलत नव्हती. मी तुझ्या जागी उभा होतो आणि मला ओरडताच येईना. मी गोलकीपर. मी जन्मभर मागून ओरडलेला माणूस, सगळ्यांच्या पाठी बघून. बाजूला उभं राहिलं की सगळे आडवे पळताना दिसतात, काय सांगावं कळत नाही. दुसऱ्या हाफात सोहेल गोल सोडून पार पुढं आला, त्यांचा एक जण मोकळा सुटला, आणि माझ्या तोंडून निघालं, "सोहेल, पीछे! पीछे रे बाबा!" मी आयुष्यात कधी मैदानावर दखनी बोललो नाही. सोहेलनं क्षणभर वळून बघितलं. मग पळाला आणि बॉल अडवला. त्यानंतर पोरं बोलू लागली. कॉर्नरवर विष्णूनं डोकं लावलं आणि बरोबरी झाली. तो पळत माझ्याकडं आला, मिठी मारली, आणि तिथंच बसून रडला. रेफ्रीनं शिट्टी वाजवायला वेळ घेतला. बरोबरीतच सुटली मॅच.

आता आपला वाद. मंगळवारी मी पोरांना घेऊन नाल्यापलीकडच्या त्या जागेवर गेलो. मी एकटाच ठरवणारा उरलोय आता, म्हणालो असतो की नको, तर कुणी उलट बोललं नसतं. असं जिंकून मला करायचं काय? समोर तू पाहिजेस, अर्धा चहा टाकून जायला. आम्ही दगड उचलायला लागलो. विष्णूनं रात्रपाळीहून थेट येऊन पहार मारली. प्रॅक्टिस तिथं करायची आणि मॅचेस जालन्याला खेळायच्या, असं ठरवलंय. अर्धं तुझं, अर्धं माझं. तू हे कबूल केलं नसतंस. तू असतास तर मीही केलं नसतं. जागा वाईट नाही. पावसाचं पाणी कुठं साचेल ते अजून कळत नाही.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. आपल्यात असलं कुणी बोलत नाही. माझ्या पुढ्यात तू स्टॉपर होतास म्हणून मी गोलकीपर झालो. तू नसतास तर मी पहिल्या दोन-चार गोलांनंतरच हे सोडून दिलं असतं, दुकान एके दुकान केलं असतं. मला लोक ओळखतात ते टीममुळं, आणि टीम मला मिळाली ती तुझ्या पाठीमागं उभं राहून. हे मी बसमध्ये कधीतरी सांगितलं असतं, तर तू खिडकीबाहेर बघितलं असतंस आणि म्हणाला असतास, "छोड रे." तरी सांगायला पाहिजे होतं.

काल तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घरातच; पडद्याआड बसल्या होत्या. अमरीननं मला खुर्ची दिली. मी स्कोअर सांगितला. पडद्यामागून आवाज आला, "ऐसा नहीं, दत्ताभाई. शुरू से बोलो. कौन किधर खडा था, सब." मग मी सुरुवातीपासून सांगितलं. काळ्या फिती, गॅलरीतली माणसं, मारवाडी शेठ, एक हुकलेला पास. सोहेल पुढं आल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उनो रहते तो उसको कच्चा खा जाते." आणि पडद्याआड हसल्या.  मी चहाचा कप हातात धरून बसून राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "मेरा तो अबी निकलना नहीं होता. अमरीनला न्याल का तुमच्याबरोबर, रविवारी?"

नेणार आहे. सकाळी मीच घ्यायला जाईन. ती खाली आपल्या बेंचवर बसणार का वर गॅलरीत, ते मी दारातच विचारलं. तुझी पोरगी चप्पल घालत होती माझ्याबरोबर फाटकापर्यंत यायला. म्हणाली, "आधी अब्बा कुठं उभे राहायचे ती जागा दाखवा, काका. मंग सांगते."